हुंकारा

माझा कायद्याच्या परीक्षेचा निकाल आणि आईची तेरवी एकाच आठवड्यात आली, त्यामुळे आमच्याकडे भेटायला येणाऱ्यांची मोठी पंचाईत झाली. दारात चपला काढताना ते चेहरा पाडून घेत. आत येऊन वडिलांसमोर दोन मिनिटं बसत, "फार वाईट झालं" म्हणत, आणि मग माझ्याकडे वळून आवाज जरासा चढवून म्हणत, "आणि तुमचं अभिनंदन बरं का, वकीलसाहेब." एका गृहस्थांनी गडबडीत अभिनंदन वडिलांचं केलं आणि वाईट झालं असं मला सांगितलं. तसं पाहिलं तर त्यात चुकीचं काहीच नव्हतं. एरवी मी आठवडाभर हसलो असतो. तेव्हा हसू आलं नाही. रडू त्याआधीही आलं नव्हतं.

मला दुःख झालं होतं असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. मला काहीच झालं नव्हतं. मी वेळेवर उठायचो, जेवायचो, झोपायचो. भाजीत मीठ पडलंय की नाही हे मात्र समोरच्याने तोंड वाकडं केल्यावरच कळायचं. आई गेली हे मला ठाऊक होतं, जसं चांद्याहून मूल गाव किती मैल आहे ते ठाऊक होतं. त्यापलीकडे ते आत कुठे जात नव्हतं.

त्या दिवसांत मी एकच गोष्ट नीट शिकलो. समोरचा बोलत असताना "हूं" म्हणायला. वाक्य संपत आलं की माणूस जरासा थांबतो, तिथे "हूं" टाकायचं. मध्येच जरा लांबवायचं, म्हणजे विचार करतोय असं वाटतं. ऐकावं लागत नाही. नातेवाईक तास तास बोलून समाधानाने उठत आणि बाहेर जाऊन सांगत की पोरगा शहाणा आहे, सगळं समजून घेतो.

वडील शाळामास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी ओळखीच्या एका ज्येष्ठ वकिलांकडे मला बसवलं. काम म्हणजे त्यांच्या मागून फायली घेऊन चालणं आणि पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, तारखा लिहून घेणं. त्याच साली आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला. म्हणजे जिल्हा होता तिथेच होता, कागद बदलले. कचेरीतले जुने कागद संपेपर्यंत वापरायचे असा हुकूम होता, म्हणून कारकून आधीच्या राज्याच्या नावावर शाईने रेघ मारत आणि खाली नवं नाव लिहीत. नागपूर राजधानी होतं, ते आता राहिलं नव्हतं. बार रूममध्ये रोज भांडणं. निम्म्या वकिलांना मराठी माणसांचं एकच राज्य हवं होतं, निम्म्यांना विदर्भ वेगळा हवा होता. दोन्ही बाजू मला गाठून आपलं म्हणणं समजावून सांगायच्या. मी "हूं" म्हणायचो. महिन्याभरात दोघांनीही मला आपल्यात मोजलं, आणि ते कळलं तेव्हा एकानेही माझ्याशी बोलणं ठेवलं नाही. त्याचंही काही वाटलं नाही. छोट्या लाईनच्या आगगाडीने नागपूरचं वर्तमानपत्र यायचं, ते मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचो आणि घडी घालून ठेवायचो. देशात पुष्कळ काही चाललं होतं. सगळं छापलेलं असायचं.

पुढे वर्षभर मी जी स्कूटर चालवली ती मामाची. मामा मूलला राहायचा, आईचा धाकटा भाऊ, लाकडाचा ठेकेदार. पोंभुर्ण्याच्या बाजूच्या जंगलात त्याचे कूप चालत, म्हणजे वनखात्याने तोडीला दिलेले जंगलाचे तुकडे. नागपूरला कुणाकडे तरी पाहून त्याने हौसेने स्कूटर घेतली, भर बाजाराच्या दिवशी मूलच्या रस्त्यावर काढली, आणि भाजीच्या पाटीत जाऊन उभी केली. "पडलो नाई, उतरलो," असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. पण पुन्हा तिच्यावर बसला नाही. तेरवीनंतर एकदा चांद्याला आला, माझ्याकडे बराच वेळ पाहत बसला आणि वडिलांना म्हणाला, "भाऊजी, हा असा बसून राह्यला तं येडा होईन. गाडी पडून हाये माह्याकडं. आठवड्यातून दोन दिस माहे कागद कूपावर पोचवून दे म्हना." मग मला म्हणाला, "काऊन रे, चालवशीन ना?"

मी "हूं" म्हणालो.

अशी ती करड्या रंगाची स्कूटर माझ्याकडे आली. तिच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागे. प्रमाण चुकलं की मागून असा धूर निघे की बैलगाडीवाले बैल बाजूला घेऊन नाकाला पंचा लावत. चाकं एवढीशी. गाडीवाटेच्या चाकोरीत एकदा उतरली की चाकोरी नेईल तिकडे जायचं. मला ते पसंत होतं. मला ठरवायचं काही उरत नसे. कचेरीतला पांढरा शर्ट, पँट, डोळ्यांवर धुळीसाठी काळा चष्मा, खांद्याला कागदांची चामडी पिशवी. मी कसा दिसत असेन हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही. त्या बाजूच्या खेड्यांत पँट घातलेला माणूस म्हणजे सरकार, आणि यंत्रावर बसून येतो तो तर मोठंच सरकार. माझी फटफट ऐकली की जंगलनाक्यांवरचे नाकेदार टोपी घालून बाहेर यायचे आणि मी कोण हे कळल्यावर चिडून आत जायचे.

संक्रांत होऊन गेली होती. धान कापून झालं होतं, बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं, मोकळ्या पडल्या होत्या. कूपावरून परत येताना एका गावाच्या अलीकडे गाडी बंद पडली. प्लग तेलाने काळा झाला होता. तापलेला होता, हात लावायची सोय नव्हती. शेजारी एक बोडी होती. आमच्याकडे धानाच्या बांध्यांना पाणी पुरावं म्हणून वरच्या अंगाला लहानसं तळं खणून ठेवतात, त्याला बोडी म्हणतात. तिच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, मोहाच्या सावलीत जाऊन मी बसलो.

थोड्या वेळाने साठीच्या आसपासचा एक माणूस पितळी गडव्यात पाणी घेऊन आला. गोंड शेतकरी, कमरेला आखूड धोतर, अंगात काही नाही. मी पाणी प्यालो. तो चार हात अंतरावर उकिडवा बसला आणि बोलायला लागला.

त्या दुपारचं मला पुष्कळ आठवतं. पाण्यावर एक बगळा एकाच पायावर उभा होता. पलीकडच्या काठाला शिंगाड्याचे वेल होते. मोहाच्या खोडावर मुंग्यांची रांग चढत होती, मी ती बुंध्यापासून दुबेळक्यापर्यंत नजरेने पोचवली आणि पुन्हा खालून सुरुवात केली. माणूस बोलत होता, हात करून पाळ दाखवत होता, खालच्या बांध्या दाखवत होता, एकदा त्याने मूठभर माती उचलून माझ्यापुढे धरली. वाक्य संपलं की तो थांबायचा आणि मी "हूं" म्हणायचो. कधी लांबवून म्हणायचो. तासभर तरी हे चाललं असेल. मध्ये मी डायरी काढून पेन्सिलीने काही लिहिलं. प्लग गार झाला, पुसला, बसवला, किक मारली. माणसाने दोन्ही हात जोडले. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला नवल वाटलं. पाणी त्याने पाजलं आणि आभार तोच मानत होता.

हे सगळं आठवतं. त्याने काय सांगितलं, त्यातला एक शब्द आठवत नाही. विसरलो असं नाही. विसरायला आधी ऐकावं लागतं.

वर्ष तसंच गेलं. निवडणुका झाल्या, कर्णे लावलेल्या जीपगाड्या जंगलातल्या वाटांवर धुरळा उडवून गेल्या. पावसाळ्यात भामरागडकडची वाट नेहमीप्रमाणे बंद झाली आणि तिकडच्या साक्षीदारांच्या तारखा नेहमीप्रमाणे पुढे ढकलल्या. दिवाळीच्या सुमाराला रशियाने आकाशात एक गोळा सोडला आणि तो पृथ्वीभोवती फिरतोय असं वर्तमानपत्रात आलं. वडील अंगणात जाऊन वर बघत उभे राहिले, मलाही बोलावलं. मी जाऊन उभा राहिलो. दिसलं काहीच नाही. वडील म्हणाले, "तुझ्या आईला हे फार आवडलं असतं." मी "हूं" म्हणालो. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत निघून गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या वकीलसाहेबांची एक पेशी महसुली अधिकाऱ्यांपुढे होती. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाऊन काही वर्षं झाली होती, पण तिचं निस्तरणं अजून चालूच होतं. मालगुजारांचे तलाव आणि बोड्या सरकारजमा होत होत्या. मात्र ज्या कुणाच्या घरच्यांनी आपल्या हातांनी बोडी खोदली असेल त्याने मुदतीत अर्ज करून तसं सांगायचं, म्हणजे चौकशी होऊन ती त्याच्याकडे राहायची. मुदत गेली की गेली. हे नवे अधिकारी राज्य बदलल्यावर देशावरून बदलून आलेले होते. माणूस वाईट नव्हता. पण आमची बोली त्यांना निम्मी कळायची आणि उरलेल्या निम्म्याचा ते अंदाज बांधायचे. बोडी म्हणजे काय हे त्यांना पहिल्या दिवशी कारकुनाने समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी आधी भलताच अर्थ घेतला होता आणि कचेरी आठवडाभर त्यावर हसत होती.

आमच्या आधीचं प्रकरण पुकारलं गेलं. मी मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत होतो. "मुदतीत अर्ज का केला नाही?" अधिकारी विचारत होते.

"सांगतलं होतं जी," कुणीतरी म्हणालं. "मुदतीतच सांगतलं होतं. कोतवालानं दवंडी देल्ली, का ज्याची बोडी असन त्यानं सायेबाले सांगावं. सायेब आले, मी सांगतलं."

"कोण साहेब?"

"फटफटीवाले सायेब."

मी वळून पाहिलं. अंगात कुणाचा तरी मागून आणलेला सदरा होता म्हणून ओळखायला क्षणभर वेळ लागला. तो इकडेतिकडे बघत होता. त्याची नजर माझ्यावर आली आणि चेहरा खुलला.

"हे पाहा, इथी बसले!" तो म्हणाला. "हेच सायेब. इचारा ना त्याहिले."

कचेरीत हशा पिकला. आमचे वकीलसाहेबही हसले. अधिकारी मला म्हणाले, "काय हो, तुम्ही सरकार केव्हापासून झालात?" पुन्हा हसणं. तो माणूसही सगळे हसतायत म्हणून थोडा हसला.

"तुम्ही याला काही कबूल केलं होतं का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी उभा राहून नाही म्हणालो.

"हुंकारा देल्ला होता जी त्याहिनं," माणूस म्हणाला. "एकेका गोष्टीले देल्ला. मंग लिवून घेतलं."

अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हुंकार दिला? म्हणजे अंगावर ओरडले का तुझ्या?"

यावर कचेरी कोसळायचीच बाकी राहिली. आणि मी, कायद्याचा पदवीधर, पुढे होऊन त्यांना शब्दाचा अर्थ समजावून दिला. फार छान समजावला. म्हणालो, इकडे कुणी काही सांगत असेल तर ऐकणाऱ्याने वाक्यागणिक "हूं" म्हणायची रीत आहे, त्याला हुंकारा म्हणतात. माझी आई मूलकडची. लहानपणी ती मला गोष्ट सांगायची तेव्हा मी हुंकारा दिला नाही तर तिथेच थांबायची. आणि गोंडांच्या गावांत पंचांपुढे कुणी आपलं म्हणणं मांडतो तेव्हा एक जाणता माणूस मुद्दाम हुंकाऱ्याला बसतो. ज्या वाक्याला त्याने हुंकारा दिला ते पंचांपर्यंत पोचलं. ते पुन्हा सांगावं लागत नाही, आणि मी ऐकलं नव्हतं असं नंतर कुणी म्हणत नाही.

हे बोलत असताना माझं मलाच ऐकू येत होतं. शेवटचं वाक्य मी खाली बघत संपवलं.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मघाचं हसू गेलं होतं. "म्हणजे याच्या रीतीप्रमाणे याने अर्ज केला," ते हळूच म्हणाले. "मुदतीत केला. माणूस चुकीचा निघाला, एवढंच. हे मला उशिराचं सबळ कारण धरता येईल." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही एवढंच सांगा. बोडी आपल्या घरच्यांनी खोदली असं त्याने तुम्हाला त्या दिवशी सांगितलं होतं का? तुमचं विधान मी लिहून घेतो."

एक वाक्य हवं होतं. हो, सांगितलं होतं. ते खरंही होतं, कारण त्याने ते सांगितलं असणारच. तासभर त्याने दुसरं काय सांगितलं असेल? पण शपथेवर विधान करताना आपल्या कानांनी ऐकलेलं सांगायचं असतं, तर्काने जुळवलेलं नव्हे, हे मी परीक्षेत पानभर लिहून आलो होतो.

"डायरीत काही लिहिलंय का?" वकीलसाहेबांनी मला मदत करावी म्हणून विचारलं. डायरी पिशवीतच होती. मी पान काढलं. त्या दिवशीच्या तारखेखाली माझ्या अक्षरात लिहिलं होतं, प्लग काळा, नवा आणणे.

मी डायरी मिटली. "भेट झाली होती," मी म्हणालो. "काय बोलणं झालं ते मला सांगता येणार नाही."

अधिकारी थोडा वेळ थांबले. मी आणखी काही म्हणेन असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी पेन उचललं. अर्ज मुदतीबाहेर म्हणून फेटाळला.

माझं ते वाक्य खरं होतं, कायद्याला धरून होतं. पुढे चाळीसेक वर्षं मी वकिली केली, त्यात याच्याहून कितीतरी अर्धवट खऱ्या गोष्टी ठणकावून मांडल्या आणि रात्री शांत झोपलो. लाज वाटते ती या एका वाक्याची. या प्रकरणात मी नंतर अपील केलं, माझं स्वतःचं पहिलं अपील, आणि ते मी हरलो. हेही इथेच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला उगीच आशा नको.

आमची पेशी झाल्यावर बाहेर आलो तर तो व्हरांड्यात खांबाला टेकून बसला होता. हुकूम इंग्रजीत झाला होता, त्याला तो कुणी सांगितलाच नव्हता. मला बघून तो उठला. मी त्याला म्हणालो, "भाऊ, बसा," आणि मीही खाली फरशीवर बसलो.

"का म्हनलं सायेबानं?"

"अर्ज फेटाळला. मुदत गेली म्हणाले. बोडी सरकारजमा होईल."

त्याने मान हलवली. "मंग पानी कोन सोडन?"

"सरकार ठरवेल. पाळीपाळीनं गावाला मिळेल. मासे, शिंगाडे लिलावात जातील."

"माह्या दोन बांध्या हायेत खाली. अश्विनात पानी नाई भेटलं तं धान पोचट होते." हे तो मला सांगत नव्हता, स्वतःशीच म्हणत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"तुमी हूं म्हनत होते."

"हो."

"म्या सांगतलं तं आयकलं होतं ना तुमी?"

त्याला काहीही सांगता आलं असतं. विसरलो म्हणता आलं असतं, वर्ष झालं, कामं फार असतात, असं म्हणता आलं असतं. "नाही," मी म्हणालो. "मी ऐकतच नव्हतो, भाऊ. तोंडानं हूं म्हणत होतो."

हे त्याला कळायला वेळ लागला. असं कुणी करतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग जोडे घातलेल्या माझ्या पायांकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

"मंग मी कोनाले सांगून राह्यलो होतो?" त्याने विचारलं.

छातीत काहीतरी दुखलं, साधं, दगड लागावा तसं, आणि मला प्रथम नवलच वाटलं की हे दुखतंय. व्हरांड्यात माणसांची ये-जा चालली होती. मी म्हणालो, "आता सांगा. अपील करता येतं. मी करतो."

"आता सांगून का होते जी?"

"माहीत नाही. पण सांगा."

मग सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसून त्याने सांगायला सुरुवात केली, आणि त्याच्या हातवाऱ्यांवरून कळलं की तो त्या दिवशी जसं सांगत होता तसंच, त्याच क्रमाने सांगतोय. बोडी त्याच्या बापाने धरली. धरली म्हणजे जागा हेरून पहिली कुदळ मारली. दोन उन्हाळे खणल्यावर बाप वाघाने नेला. पुढे मायने एकटीने खंदली. दिवसा मालगुजाराच्या बांधीत राबायची आणि दिवस मावळायला लागला की इथे येऊन टोपलीने माती वाहायची. हा लहान होता, याला मोहाखाली निजवायची. सात उन्हाळे लागले. ज्या साली पाळ पुरी झाली आणि पहिल्यांदा पाणी थांबलं, त्या साली ती तापाने गेली.

"पानी पाह्यलं तिनं," तो म्हणाला. "एक डाव पाह्यलं. मंग म्हने, मले दूर नेऊ नका, इथीच ठेवा. तं पाळीतच पुरली तिले आमी. मोहाच्या बुडाशी. तुमी बसले होते ना सायेब, तिथी. म्हनून तं म्या तुमाले माती दाखवली."

तो थांबला. वाक्य संपल्यावर थांबतात तसा. माझ्या तोंडून "हूं" निघेना. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. दीड वर्षात पहिल्यांदा मी रडत होतो, कचेरीच्या व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, आणि ते थांबवायची मला इच्छा नव्हती. गुडघ्यावर हात ठेवून तो वाट बघत बसला.

मग मी पिशवीतून कोरा कागद काढला, डाव्या हाताने तोंड पुसलं आणि त्याला विचारलं, "आईचं नाव काय?"

त्याने सांगितलं. मला नीट कळलं नाही, गोंडी नाव होतं. मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं, आणि बरोबर लिहून होईपर्यंत मी ते त्याला तीनदा म्हणायला लावलं.